पाहिजे की लागतं?

पिंके, तुझा मेसेज रात्री वाचला. ‘‘ताई, तेनेर के म्हणजे पाहिजे, देबेर म्हणजे पण पाहिजे, आय के म्हणजे पण पाहिजे. एका पाहिजेले तीन-तीन कायले?’’ त्या ‘कायले’वर मी हसले. पुण्यात राहून माझ्या तोंडी ‘कशाला’ बसलं, तुझं ‘कायले’ अजून शाबूत आहे. राहू दे तसंच. स्पॅनिशला ते उपयोगी पडणार आहे, गंमत करत नाहीये मी.

तुझा गोंधळ होतोय कारण तू स्पॅनिश इंग्रजीतून शिकतेयस. पुस्तकात तिन्हींसमोर ‘मस्ट’ नाहीतर ‘हॅव टू’ छापलेलं असतं. ते पुस्तक घटकाभर मिटव आणि घरातलं बोलणं आठव. जायला पाहिजे. जावं लागतं. जायचं आहे. जाणं भाग आहे. तू जावंस. किती झाले? यातला एकही तुला कुणी शिकवला नाही, तरी कधी चूक होत नाही. आई ‘रोज उठून दळण आणावं लागतं’ म्हणाली की ती दमली आहे हे तुला कळतं. ‘दळण आणायला पाहिजे’ म्हणाली की तू पिशवी उचलतेस. बस, एवढी समज पुरे आहे.

म्हणून अर्थ विचारत बसू नकोस, भार कुणाच्या डोक्यावर आहे ते विचार. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कापसाचं गाठोडं असतं ना, कधी ते एकीच्या डोक्यावर कुणीतरी चढवून दिलेलं असतं, कधी ती आपणहून उचलते, आणि कधी ते बांधावर तसंच पडून असतं अन् सगळ्या बाया एकमेकींकडे बघत असतात. स्पॅनिशमधली ही तीन रूपं म्हणजे त्या तीन गोष्टी.

चढवून दिलेलं गाठोडं म्हणजे ‘तेनेर के’. परिस्थितीनं, वेळेनं, साहेबानं, एस.टी.च्या टायमानं भाग पाडलंय. ‘तेंगो के सालीर आ लास सिंको’, मला पाच वाजता निघावं लागतं, कारण त्यानंतर गाडी नाही. रूपं पाठच कर: ‘तेंगो के’ मला, ‘त्येनेस के’ तुला, ‘त्येने के’ त्याला-तिला, ‘तेनेमोस के’ आपल्याला, ‘त्येनेन के’ त्यांना. आपण ‘मला’ म्हणतो, स्पॅनिश माणूस ‘मी’ म्हणतो. तेव्हा मराठीच्या ओघात ‘आ मी तेंगो के’ लिहू नकोस. उद्या ‘मे तेंगो के इर’ ऐकलंस तर मात्र घाबरू नकोस. तिथला ‘मे’ आपला ‘मला’ नव्हे, तो ‘इर्से’ या क्रियापदाबरोबर आलेला आहे. ‘इर’ म्हणजे जाणं, ‘इर्से’ म्हणजे इथून निघून जाणं.

आता तुझ्या वऱ्हाडीचा उपयोग सांगते. पुस्तकी मराठीत ‘पोळी करावी लागते’, ‘पोळ्या कराव्या लागतात’, ‘काम करावं लागतं’, म्हणजे कर्म बदललं की क्रियापद वळणं घेतं. आपल्याकडे काय म्हणतात? ‘मले पोया करा लागते, काम करा लागते, कपडे धुवा लागते.’ तो ‘करा’, तो ‘धुवा’ हलतच नाही. स्पॅनिश अगदी तसंच. ‘तेनेर के’च्या पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं, शेवटी आर, एर किंवा इर. ‘तेंगो के कोसिनार’, ‘तेनेमोस के कोसिनार’, स्वयंपाक कुणीही करो, ‘कोसिनार’ तेच. वर्गातल्या मुली ‘तेंगो के कोसिनो’ लिहून मार्क घालवतात. मनातल्या मनात ‘करा लागते’ म्हणत जा, तुझी ही चूक होणारच नाही. शहरात कुणी तुझ्या बोलीला हसलं तर हे ध्यानात ठेव.

आपणहून उचललेलं गाठोडं म्हणजे ‘देबेर’. इथे बाहेरून कुणी मागे लागलेलं नसतं, आपलं मन सांगत असतं. ‘देबो आयुदार आ मी आबुएला’, आजीला मदत करणं माझं काम आहे. गंमत बघ, उसनवारीला पण हेच क्रियापद. ‘ते देबो सिएन रुपियास’, मी तुझे शंभर रुपये देणं लागते. आपल्याकडे ‘लागणं’ दोन्हीकडे चालतं, त्यांच्याकडे ‘देबेर’. स्पेनमधली मुलं तर गृहपाठाला ‘लोस देबेरेस’ म्हणतात. आणि ‘देबेर’च्या पुढे ‘के’ येत नाही, हे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेव. ‘देबो एस्तुदियार’ बरोबर, ‘देबो के एस्तुदियार’ चूक.

‘देबेस’ फार वापरू नकोस. समोरच्याला ‘देबेस’ म्हणणं म्हणजे ‘हे तुझं कर्तव्य आहे’ असं बोट दाखवून सांगणं. वडीलधाऱ्या काकूंना तसं सांगशील का? नाही ना. तिथे ‘देबेरिआ’ म्हण, मैत्रिणीला ‘देबेरिआस’. म्हणजे आपलं ‘करायला हवं होऽ’, ‘केलंस तर बरं होईल गं’. सल्ला देताना नेहमी हेच रूप. या मेसेजभर मी तुला जे सांगतेय ते सगळं ‘देबेरिआस’ आहे असं समज.

‘देबेर’ला एक जोडधंदा आहे, अंदाज बांधायचा. ‘देबे दे एस्तार एन कासा’, तो घरी असेल, असावा. बोलताना तो मधला ‘दे’ पुष्कळदा गळतो. आपण यवतमाळला दारव्हा रोडवर उभं राहून ‘गाडी आता यायला पाहिजे’ म्हणतो तेव्हा गाडीचं कर्तव्य थोडंच सांगतो? अंदाजच करतो. आपलं ‘पाहिजे’ जी दोन कामं करतं तीच त्यांचं ‘देबेर’ करतं. ऐकण्याच्या परीक्षेत या वाक्यांनी हमखास फसायला होतं, मागचापुढचा संदर्भ ऐकल्याशिवाय उत्तरावर खूण करू नकोस.

आता बांधावर पडलेलं गाठोडं. ‘आय के’. लिहिताना पुढे एच असतो, बोलताना तो मुका. यात मी नाही, तू नाही, कुणीच नाही. ‘आय के रेकोखेर एल आल्गोदोन’, कापूस वेचायला पाहिजे. कुणी? ते वाक्यात नाही. म्हणून ‘यो आय के’ असं कधी होत नाही, आणि त्याची मी-तू-तो अशी रूपंही नाहीत. वर्तमानकाळात एकटं ‘आय के’. व्याकरण इतकं सोपं, की सगळे शिक्षक दोन मिनिटांत पुढे सरकतात. मी मात्र इथे थोडी थांबणार आहे.

कारण आपली घरं ‘आय के’वर चालतात, पिंके. ‘भांडी घासायला पाहिजेत.’ ‘पाहुणे आलेत, चहा ठेवायला पाहिजे.’ ‘आजीची गोळी आणायला पाहिजे.’ ‘आता स्थळं बघायला पाहिजेत.’ एकाही वाक्यात कर्ता नाही. बाबा पेपर वाचत हे वाक्य हवेत सोडतात, दादाच्या कानावरून ते निघून जातं आणि बरोबर तुझ्याजवळ येऊन थांबतं. कुणी तुझं नाव घेतलेलं नसतं, तरी उठायचं तुलाच. तू नाही उठलीस तर आई उठते, मग तुला वाईट वाटतं आणि तू उठतेसच. बरं, कुणी म्हणू शकत नाही की आम्ही तुला काम सांगितलं. बिनकर्त्याच्या वाक्याची ही सोय असते. कुणाचं नाव न घेता कुणाला तरी कामाला लावता येतं.

यावर उपाय पण स्पॅनिशमध्येच आहे. ‘तोकार’. मूळ अर्थ स्पर्श करणं, पण ‘मे तोका’ म्हणजे आता पाळी माझी. ‘ओय मे तोका कोसिनार’, आज स्वयंपाक माझ्याकडे. ‘आ मी एर्मानो ले तोका फ्रेगार लोस प्लातोस’, भांडी घासायची पाळी भावाची. इथे मात्र आपल्यासारखंच आहे हं, ‘मला’, ‘त्याला’ असंच येतं, ‘मी’ नाही. मी तुला भांडायला शिकवत नाहीये. पण पुढच्या वेळी कुणी ‘चहा ठेवायला पाहिजे’ म्हणालं, तर गोड आवाजात ‘आज कुणाची पाळी?’ एवढं विचारून बघ. दादा पहिल्यांदा हसेल, मग उठेल. नाही उठला तर निदान वाक्याला कर्ता तरी मिळाला.

‘पाहिजे’चा आणखी एक भाऊ आहे, ‘आसेर फाल्ता’. एखादी गोष्ट कमी आहे, लागणार आहे, तेव्हा. (स्पेनमध्ये ‘आथेर’ ऐकू येईल, लॅटिन अमेरिकेत ‘आसेर’. दोन्ही बरोबर, एक धर आणि तोच ठेव.) मराठी माणसाला हा फार लवकर जमतो, इंग्रजीवाल्यांना घाम फुटतो. कसं ते बघ. ‘मला एक पुस्तक पाहिजे’, ‘मला दोन पुस्तकं पाहिजेत’. वस्तू वाढली की ‘पाहिजे’चं ‘पाहिजेत’ झालं, ‘मला’ तसाच राहिला. आता हे ऐक: ‘मे आसे फाल्ता उन लिब्रो’, ‘मे आसेन फाल्ता दोस लिब्रोस’. तस्संच! ‘आसे’चं ‘आसेन’ झालं. आणि कोरडवाहू कपाशीच्या आपल्या जिल्ह्यात जून-जुलैत जे सगळ्यांच्या तोंडी असतं ते म्हणजे ‘आसे फाल्ता आग्वा’. पाणी पाहिजे.

नकारात जास्त सांभाळ, तिथे नात्यात बिघाड होतो. ‘नो त्येनेस के बेनीर’ म्हणजे तू यायलाच पाहिजेस असं नाही, नाही आलीस तरी चालेल. ‘नो देबेस बेनीर’ म्हणजे तू येऊ नयेस. मैत्रिणीला पहिलं सांगायचं होतं आणि दुसरं लिहून बसलीस तर ती लग्नाला यायची नाही. ‘नो आय के’ बहुतेक वेळा ‘करू नये’कडे झुकतं. खात्रीनं ‘गरज नाही’ म्हणायचं असेल तर ‘नो आसे फाल्ता’ म्हण. ‘नो आसे फाल्ता, ग्रासियास’, राहू द्या, कशाला त्रास. आपल्याकडचा अर्धा आदरसत्कार या एका वाक्यात बसतो.

भूतकाळात दोन रूपं आहेत आणि दोन्ही आपल्याकडे जशीच्या तशी सापडतात. ‘तुबे के सालीर’, मला निघावं लागलं, म्हणजे मी निघाले. ‘तेनिआ के सालीर’, मला निघायचं होतं, पण निघाले की नाही ते अजून सांगितलेलं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बायांची गोष्ट पहिल्या रूपात सांगावी लागते. २०१९च्या जानेवारीत यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर ओढणारी आपल्याकडची बाई. तिच्याबद्दल लिहायचं तर ‘तुबो के’ लिही: ‘तुबो के त्राबाखार’, तिला राबावं लागलं, आणि ती राबली. ‘तेनिआ के’ लिहिलंस तर राबायचं होतं एवढंच कळेल, पुढचं सगळं गळून जाईल. रूप निवडताना असा एखादा ओळखीचा माणूस डोळ्यांसमोर आणत जा, रकाने पाठ करण्यापेक्षा ते पक्कं बसतं.

सब्जंक्टिव्हचं भूत तुला अजून भेटलेलं नाही, बी-एक पातळीला भेटेल. आत्ताच ओळख करून देते म्हणजे दचकणार नाहीस. ‘एस नेसेसारियो इर’, जाणं गरजेचं आहे, कुणाचंही. पण ‘तू जावंस हे गरजेचं आहे’ म्हणायचं असेल तर ‘एस नेसेसारियो के बायास’. ते ‘बायास’ म्हणजे आपलं ‘जावंस’. शाळेत ‘विध्यर्थ’ शिकलो ना, तोच. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं, त्यात या ‘-वा’च्या रूपांचा सगळा संसार मांडलेला आहे. मुलांनी सब्जंक्टिव्हचा बाऊ करावा असं त्यात काही नाही. आत्ताच्या वाक्यात मी ‘करावा’ म्हणाले बघ, तुला कुठे अडलं?

‘आबेर दे’ नावाचं एक जुनं वळण पण भेटेल. स्पेनमध्ये ते आता पुस्तकी वाटतं, मेक्सिकोत ‘आ दे सेर’ म्हणजे ‘असेल बुवा’. ओळखता आलं तरी पुरे, वापरायच्या भानगडीत पडू नकोस.

आता मनातलं. मागच्या आठवड्यात मोठी आईचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. म्हणाली, पिंकी घरी सांगते की मला स्पॅनिश शिकायला पुण्याला जायचं आहे, आणि तुझे बाबा गप्प आहेत. मी विचार केला, ते गप्प का असतील? तर तुझ्या वाक्यामुळे. ‘मला जायचं आहे.’ यात तुझी इच्छा आहे की नाइलाज आहे? मराठीत ‘जायचं आहे’ दोन्ही असतं. ‘मला सिनेमाला जायचं आहे’ ही हौस, ‘मला दवाखान्यात जायचं आहे’ ही गरज. बाबांनी कोणतं समजावं? स्पॅनिशमध्ये ही लपवाछपवी चालत नाही. ‘किएरो इर’ म्हण, मला जावंसं वाटतं. नाहीतर ‘तेंगो के इर’ म्हण, जावं लागतंय. तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं.

मला माहीत आहे तू काय ठरवशील. तू ‘तेंगो के’ म्हणशील. आपण मुली तसंच करतो. ‘हवं’ म्हणायची लाज वाटते, म्हणून हौसेला गरजेचे कपडे घालतो. ‘पुण्याला गेल्याशिवाय काही होतच नाही बाबा, सगळ्यांना जावंच लागतं.’ आणि बाबा तुला दोन मिनिटांत पकडतील, कारण ते खरं नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, तिथे स्पॅनिश शिकवतात, हे खरं. पण हैदराबादला इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी आहे, तिथे स्पॅनिशची पदवी आहे, आणि पांढरकवड्यावरून जाणारा ४४ नंबरचा महामार्ग सरळ हैदराबादला जातो. यवतमाळहून ते पुण्यापेक्षा जवळ. दिल्लीच्या जेएनयूत आहे. बाबा विचारतील, मग पुणंच का? ‘तेंगो के’ तिथेच कोसळेल.

त्यापेक्षा सरळ म्हण, मला पुण्याला जावंसं वाटतं, मावसबहीण तिथे आहे, आणि मला ही भाषा आवडते. हवं असण्यात काही चोरी नाही. आणि त्याच्यासाठी काय काय करावं लागेल हे मग ‘तेंगो के’त सांग: फी, खोली, येण्याजाण्याचा खर्च, आधी पूर्ण करायचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. ‘किएरो’ एकदा स्पष्ट झालं की पुढच्या सगळ्या ‘तेंगो के’ला वजन येतं. ते नसलं तर नुसती कुरकुर वाटते.

परीक्षेचं पण सांगून ठेवते, बाबा ते विचारणारच. ‘देले’ची प्रमाणपत्रं स्पेन सरकारची, इन्स्तितुतो सेर्बान्तेस ती परीक्षा घेतं. ए-एक ते सी-दोन अशा सहा पातळ्या, आणि मिळालेल्या प्रमाणपत्राला मुदत नाही, जन्मभर चालतं. सुरुवातीच्या पातळ्यांत वाचन-लेखन एका गटात आणि ऐकणं-बोलणं दुसऱ्या गटात धरतात. दोन्ही गटांत ५०पैकी ३० मिळवावे लागतात, एकात भरपूर मिळाले म्हणून दुसऱ्यातली कमी भरून निघत नाही. म्हणजे नुसतं व्याकरण घोकून ‘आप्तो’ म्हणजे उत्तीर्ण होता येत नाही, बोलावं लागतं. घाबरू नकोस. तुझ्या वर्गात तांड्यावरच्या मुली घरी गोरमाटी बोलतात, पोडावरच्या कोलामी बोलतात, झरी-जामणीकडच्यांना तेलुगू कळतं, आणि सगळ्याच बाजारात हिंदी बोलतात. आपल्या जिल्ह्यात चौथी भाषा शिकणं ही काही आभाळातली गोष्ट नाही.

रोज रात्री त्या दिवसाची घरातली पाच वाक्यं घे. ‘पाहिजे’, ‘लागतं’, ‘जायचं आहे’ जे काही कानावर पडलं ते. प्रत्येकापुढे लिही: गाठोडं कुणी चढवलं, कुणी आपणहून उचललं, की बांधावर पडलंय? मग त्याचं स्पॅनिश कर आणि मला पाठव. तपासून देईन, तेवढं ‘मे तोका आ मी’.

बाबांशी मी बोलेन का, असं तू विचारलं आहेस. मोठी आईला मी सांगीन, खर्चाचा आकडा काढायला मदत करीन, खोली पण बघून ठेवीन. पण बाबांसमोर बसून ‘मला हवंय’ हे वाक्य म्हणायचं काम ‘ते तोका आ ती’, पिंके. उद्या रविवार आहे, ते घरीच असतील. जेवणं झाली की बोल.